घड्याळ उघडणारा माणूस

महागड्या घड्याळांची हौस आता मुंबई-पुण्यातल्या पगारदारांपर्यंत पोचली आहे आणि ती वाढणारही आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरत जाईल. अशा वेळी या हौसेबद्दल दोन माणसांचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. एक, पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या बाजारात घड्याळ दुरुस्तीचं टेबल लावून संसार केलेले मामा. दुसरा, ठाण्यात नोकरी करणारा आणि पगारातून घड्याळं जमवणारा त्यांचा भाचा. दोघांनाही घड्याळाचं वेड आहे. भांडण आहे ते वेड कशाला म्हणावं यावर.

भाचा : मामा, शनिवारी मुंबईत एका जेवणाला गेलो होतो. घड्याळांच्या हौशी लोकांचं जेवण. एका स्विस कंपनीने आपला नवा संग्रह मोजक्या लोकांना दाखवायला आणला होता.

मामा : जेवण कंपनीचं?

भाचा : हो.

मामा : मग घड्याळं चांगलीच वाटणार.

भाचा : चेष्टा करू नका, ऐका तरी. सूप झालं आणि पांढरे हातमोजे घातलेला माणूस मखमलीचा ट्रे घेऊन आला. एकेक घड्याळ हातोहात फिरलं. प्रत्येकाजवळ भिंग ठेवलं होतं. घड्याळाच्या पाठीला काच, त्यामुळे आतलं सगळं यंत्र दिसतं. धातूच्या पट्ट्यांच्या कडा हाताने घासून आरशासारख्या केलेल्या. एका डायलवर मिनाकाम होतं. ते भट्टीत पुन्हा पुन्हा भाजावं लागतं आणि शेवटच्या भाजणीत तडा गेला तर आधीची सगळी मेहनत फुकट. स्क्रूचे माथे तापवून निळे केलेले.

मामा : निळा स्क्रू जुन्या वेस्ट एंड घड्याळांत मी पुष्कळदा काढलाय. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तो रंग धरतं. क्षणभर जास्त ठेवलंस की करडं पडलं. आणि निळ्या पोलादाला गंज उशिरा लागतो. आमच्या इथल्या पावसाळ्यात त्याचा उपयोग होता. शोभा नंतर आली.

भाचा : बघा! म्हणजे तुम्हालाही ते आवडतं.

मामा : आवडतं की. मी कुठे नाही म्हटलं? बरं, जेवायला किती वाजता बसलात?

भाचा : साडेआठचं आमंत्रण होतं, सव्वानऊ वाजले.

मामा : सव्वानऊ वाजले हे कशावरून कळलं?

भाचा : मोबाइलवरून. हसू नका. लोकांनी आपली घड्याळं डब्यांतून दाखवायला आणली होती, त्यांतली बरीचशी बंदच होती. ऑटोमॅटिक घड्याळ दोन-तीन दिवस हातात घातलं नाही की थांबतं. एकाची तारीख सात, शेजारच्याची एकोणीस.

मामा : घड्याळांच्या मेळाव्यात वेळ सांगायला मोबाइल.

भाचा : वेळ बघायला तिथे कोणी येतच नाही, मामा. वेळेचा प्रश्न १९६९ सालीच सुटला. त्या डिसेंबरात सेकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आजच्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्यापुढे चावीच्या घड्याळाचं काय चालणार? आज बाजारातलं साधं सेलचं घड्याळ लाखो रुपयांच्या स्विस घड्याळापेक्षा अचूक चालतं. म्हणूनच चावीचं घड्याळ आता अचूकतेच्या ओझ्यातून सुटलंय. गाण्याच्या मैफलीला आपण माहिती मिळवायला जातो का? तसंच आहे हे. माणसाच्या हाताने काय होऊ शकतं, ते पाहायला जातो.

मामा : म्हणणं पटण्यासारखं आहे. पण मैफल संपल्यावर गवई घरी जाऊन रियाज करतो. तुझं घड्याळ डब्यात जाऊन झोपतं.

भाचा : मग त्या कलेला पैसा कोणी द्यायचा? १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. क्वार्ट्झ आलं आणि पंधरा वर्षांत ती तीस हजारांवर आली. गावंच्या गावं ओस पडायची वेळ आली होती. यांत्रिक घड्याळांचा धंदा वाचला तो घड्याळ ही गरज नाही, चैन आहे असं उघड सांगितल्यामुळे. श्रीमंतांनी चैन केली, म्हणून कडा घासणाऱ्यांचे हात टिकले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या या यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतलं.

मामा : आणि आपल्याकडे?

भाचा : आपल्याकडेही सुरुवात झालीय. टायटनने २०२५ साली ‘जलसा’ नावाचं घड्याळ काढलं. फक्त दहा नग. सोन्याची केस, आत कंपनीने स्वतः घडवलेलं टूरबियाँ. डायल संगमरवराचं आणि त्यावर जयपूरच्या हवामहलाचं लघुचित्र, पद्मश्री शाकिर अलींनी हाताने रंगवलेलं. चित्र नीट दिसावं म्हणून मिनिटकाट्यालाच भिंग बसवलंय.

मामा : काट्याला भिंग! हे डोकं कोणाचं असेल त्याला माझा नमस्कार सांग. किंमत?

भाचा : साडेचाळीस लाख. आता तुम्ही म्हणाल, रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे मोखाड्यातल्या माणसाने वर्षाला शंभर दिवस काम केलं तर एका घड्याळाला एकशे तीस वर्षं लागतील.

मामा : तो भागाकार मलाही येतो. पण तो मुंबईतल्या फ्लॅटला लाव, गाडीला लाव, तुमच्या लग्नांतल्या जेवणावळींना लाव, सगळीकडे तसलंच उत्तर येईल. घड्याळानेच काय घोडं मारलंय? तुमच्या त्या टेबलावरच्या पाण्यातसुद्धा आमच्या मध्य वैतरणेचं पाणी असणार. धरण मोखाड्यात, नळ मुंबईत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट आमच्या पाड्यांनी बघायची. ते भांडण मोठं आहे, ते घड्याळावर काढून भागणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. टूरबियाँ म्हणजे काय ते मला आधी सांग. बघू, त्या जेवणात काय शिकलास.

भाचा : बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ राखणारं डोलतं चाक, आणि त्याच्याजवळचे भाग एका पिंजऱ्यात बसवलेले असतात आणि तो पिंजरा स्वतःभोवती फिरतो, बहुतेक वेळा मिनिटाला एक फेरी. गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक सगळ्या बाजूंना वाटली जाते. ब्रेगेने १८०१ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं.

मामा : १८०१ साली घड्याळ कुठे ठेवायचे?

भाचा : खिशात.

मामा : खिशात, उभं, दिवसभर एकाच बाजूने. म्हणून पिंजरा फिरवायची गरज. मनगट तर आपोआपच फिरत असतं. तुम्ही गाडी चालवता, जेवता, हात हलवत बोलता. मनगटावर टूरबियाँची गरज फार थोडी. ते करून दाखवणं म्हणजे आपल्या हाताचं कसब दाखवणं.

भाचा : मग कसब दाखवण्यात वाईट काय?

मामा : काही नाही. पण रोग बरा करणारं औषध वेगळं आणि वैद्याची हुशारी दाखवणारं वेगळं. दोन्हीची किंमत एकाच भाषेत सांगू नकोस.

भाचा : बरं, मग गरजेतून आलेली चैन सांगतो. रिव्हर्सो नावाचं घड्याळ. इथे इंग्रज अधिकारी पोलो खेळायचे आणि घड्याळांच्या काचा फुटायच्या. १९३० साली सेझार द ट्रे नावाचा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता, त्याच्यापुढे ही तक्रार आली. मार्च १९३१ मध्ये पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. घड्याळाची केस सरकवून उलटी करायची, काच मनगटाकडे जाते, पोलादी पाठ बाहेर येते. आज ते जगातल्या नावाजलेल्या चैनीच्या घड्याळांपैकी एक आहे.

मामा : हे माझ्या जातीचं घड्याळ! काच फुटते म्हणून पाठ फिरवली. खेळ चालू असताना हातातच राहायचं, हा त्याचा हट्ट. आता मला सांग, आजचा मालक ते घालून काही खेळतो का?

भाचा : नाही. ओरखडा पडेल म्हणून टेनिससुद्धा खेळत नाही.

मामा : झालं. ओरखडा पडू नये म्हणून जन्माला आलेलं घड्याळ आता ओरखडा पडू नये म्हणून डब्यात.

भाचा : तुम्ही नेहमी डब्यावर येता. पण मामा, एक गोष्ट स्पष्ट बोलू का? तुमचा धंदा श्रीमंतांनी नाही बुडवला, गरिबांनी बुडवला. मोखाड्याच्या बाजारात दीडशे रुपयांचं सेलचं घड्याळ आलं, लोकांनी ते घेतलं, बंद पडलं की फेकलं. मग मोबाइल आला. डब्यात घड्याळ ठेवणाऱ्याने तुमचं एकही गिऱ्हाईक पळवलेलं नाही.

मामा : (थोडं थांबून) खरं आहे. आणि त्या लोकांनाही मी दोष देत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारा माणूस चावीचं घड्याळ कशाला सांभाळेल? भट्टीची बारीक धूळ चावीच्या फटीतून आत जाते, तेलात मिसळते आणि सहा महिन्यांत चाकांचे खुंट खाऊन टाकते. पावसाच्या तोंडावर लोक परत यायचे आणि घड्याळं घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. पाऊस सुरू झाला की मास्तर लोकांची पाळी, काचेच्या आत वाफ धरलेली. पुसलं, वाळवलं, गॅस्केट बदललं. त्या माणसांना स्वस्तात बरोबर वेळ मिळाली, चांगलंच झालं. माझ्या टेबलावर आता सेल आणि पट्टे. दुपारभर मोबाइलची कव्हरं विकतो.

भाचा : मग श्रीमंतांच्या घड्याळाला तरी हो म्हणा. ते तरी चावीवर चालतं.

मामा : त्यासाठी तुला एचएमटीची गोष्ट सांगावी लागेल. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना निघाला. पहिली घड्याळं नेहरूंच्या हातात दिली होती. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन... काही डायलांवर तर देवनागरीत नाव. लग्नात जावयाला एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, सेवानिवृत्तीला एचएमटी. त्या कारखान्याने दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली. जनतेच्या मशीनला सतरा ज्वेल. लोकांना वाटायचं, आत सतरा हिरे आहेत आणि घड्याळवाला एखादा काढून घेईल. माझ्यासमोर ठाण मांडून बसायचे, नजर हलवायची नाही.

भाचा : काढता तर येत नव्हतेच ना?

मामा : काढून करायचं काय? कारखान्यात बनवलेलं माणिक ते, घासणं कमी व्हावं म्हणून चाकाच्या खुंटाखाली बसवलेलं. बाजारात त्याला कोण विचारणार? पण ते जनता सेकंदाला पाच ठोके देतं. दिवसाचे चार लाख बत्तीस हजार, वर्षाचे पावणेसोळा कोटी. एवढं राबून तीस-तीस वर्षं चालायचं ते का, माहितीय? पोलाद चांगलं होतं हे एक. आणि जव्हारला, मोखाड्याला, खोडाळ्याला, जिथे घड्याळ गेलं तिथे ते उघडणारा माणूस होता. स्प्रिंग, स्टाफ, काच, चावी, सगळं मुंबईहून यायचं, पुडीत. दर दोन-तीन वर्षांनी घड्याळ साफ करून तेल मिळायचं. कंपनी क्वार्ट्झच्या शर्यतीत मागे पडली, २०१६ च्या जानेवारीत सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना गेला, तरी जनता अजून चालतंय. कारण ते उघडता येतं.

भाचा : आता कळलं तुमचं बोट कुठे आहे. सुट्या भागांवर.

मामा : बरोबर. तुझ्या त्या ट्रेमधलं घड्याळ बिघडलं तर कोण उघडणार?

भाचा : कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

मामा : मी शिकलो, भिंग आणलं, चांगले चिमटे आणले, तर मला भाग मिळतील?

भाचा : बहुतेक बड्या कंपन्या देत नाहीत. अधिकृत केंद्रांनाच देतात. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. युरोपात दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघटनेने याच गोष्टीवर २००४ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, आयोगाने ती फेटाळली आणि २०१७ साली न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण कंपन्यांचंही एक म्हणणं आहे, मामा. आत नकली भाग गेला, पाणी अडवणारी गॅस्केट चुकीची बसली, तर बदनामी कोणाची होते?

मामा : हे मात्र मान्य. फेविक्विकने काच चिकटवलेली घड्याळं माझ्याकडे आली आहेत. आतली केसासारखी स्प्रिंग चिमट्याने ओढून सरळ केलेली. आमच्या धंद्यात कसाई कमी नव्हते. मुंबईत तर वेगळाच उद्योग चालतो. जुनं एचएमटी, जुनं फाव्र-ल्यूबा घ्यायचं, डायल खरवडून लाल-हिरवं रंगवायचं, चार घड्याळांचे भाग एकात कोंबायचे आणि परदेशी माणसाला विकायचं.

भाचा : ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात त्याला जगभर. थट्टेने.

मामा : आपल्या गावाच्या नावाने ही थट्टा! फाव्र-ल्यूबाचं वाईट वाटतं. १८६५ पासून इथे विकलं गेलेलं घड्याळ. सी चीफ, सी किंग. जुन्या लोकांच्या लग्नातले फोटो बघ, मनगटावर तेच.

भाचा : ते नाव पुन्हा उभं राहिलंय. २०११ मध्ये टायटनने विकत घेतलं होतं, २०२३ मध्ये ते इथल्याच इथॉस कंपनीच्या लोकांकडे गेलं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात नवा संग्रह मांडला. त्यात ‘चीफ’ हे जुनं नाव पुन्हा आहे. जुनं नाव, जुनी आठवण, नवं यंत्र. अशा गोष्टींना तरी तुम्ही हो म्हणाल की नाही?

मामा : नावाला हो. पण नाव जगवणं आणि विद्या जगवणं या दोन गोष्टी आहेत. तुला बोहाडा आठवतो?

भाचा : मोखाड्याचा? लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून पाहिलाय. रात्रभर संबळ आणि पिपाणी, एकामागून एक सोंगं. आधी गणपती. पहाटे देवी आणि महिषासुर.

मामा : त्यातले मुखवटे बघ. किती पिढ्यांचे आहेत. कुठे कान तुटलाय, तो पुन्हा बसवलाय. रंग उडाला, नवा दिला. कशामुळे टिकले? दरवर्षी कुणीतरी ते तोंडावर बांधून नाचतं म्हणून. नाचताना मोडतात, म्हणून दुरुस्त करणारा लागतो. दुरुस्त करणारा लागतो, म्हणून नवा घडवणाराही तयार होतो. तोच मुखवटा मुंबईच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलास, तर तो तिथे शंभर वर्षं सुंदर दिसेल. पण त्या घरात मुखवट्याचा कान बसवणारा कधी जन्माला येणार नाही.

भाचा : पण भिंतीवर टांगणाऱ्याने पैसे दिले म्हणून घडवणाऱ्याच्या घरात चूल पेटली, हेही खरं ना? वारलीचंच बघा. जिव्या सोमा मशेंनी कागदावर, कापडावर चित्रं काढली, बाहेरच्या लोकांनी ती विकत घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाच्या चौकापुरतीच राहिली असती, तर ती कला जगाला कळली असती?

मामा : कळली नसती. मशेंचं काम मोठंच. पण त्यांच्या हयातीतच कप, चादरी, हॉटेलांच्या भिंती वारलीने भरल्या. त्यांतल्या किती चित्रांखाली काढणाऱ्याचं नाव असतं? २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी नाव नसलेली चित्रं येतातच आहेत. तुझ्या त्या जलसामधली मला आवडलेली एक गोष्ट हीच. चित्र कोणी काढलं ते तू मला नावानिशी सांगितलंस. उद्या एखाद्या कंपनीने वारली डायल काढलं, तर पहिला प्रश्न हाच विचार. काढणाऱ्याचं नाव काय आणि त्याला किती दिले?

भाचा : मग तुमची अट तरी सांगा. श्रीमंताने घड्याळ घ्यावं की नाही?

मामा : घ्यावं. त्याच्या पैशाचं काय करायचं ते मी कोण सांगणार? पण कला जगवतोय असं म्हणायचं असेल, तर तीन गोष्टी कराव्यात. घालावं. बिघडलं तर दुरुस्त करून घ्यावं. आणि कंपनीला विचारावं, हे उघडायला तुम्ही इथे किती जणांना शिकवलंत? घड्याळ बनवणारा तिकडे, विकत घेणारा इकडे आणि उघडणारा कुठेच नाही, तर ती हौस खुशाल करा. तिला वारसा म्हणू नका.

भाचा : जेवणात हे मी विचारलं असतं, तर पुढचं आमंत्रण आलं नसतं.

मामा : मग तुझ्या हौसेची किंमत एका जेवणाएवढी.

भाचा : हे जरा लागलं मला.

मामा : लागावं म्हणूनच बोललो. आता उलटं ऐक. तुझ्यासारखी पोरं नसती, तर माझं हे बोलणंही कोणी ऐकलं नसतं. माझ्या मुलाला बॅलन्स स्टाफ म्हणजे काय ते माहीत नाही. तुला माहीत आहे, ते कोणत्या जेवणात कळलं का असेना. हौशी माणूस प्रश्न विचारतो, गिऱ्हाईक फक्त किंमत विचारतं. म्हणून तुझ्यावर रागवायचा मला हक्क आहे.

भाचा : मला एक शंका आहे, मामा. समजा, उद्या कंपन्यांनी सगळे भाग खुले केले. मोखाड्यात ही विद्या शिकायला कोण येईल? महिन्याला दोन घड्याळं आली तर पोट कसं भरणार?

मामा : मोखाड्यात नाही भरणार. ठाण्यात भरेल, नाशकात भरेल. चांगला हात असलेल्या माणसाकडे आज लांबून कुरिअरने घड्याळं येतात. आणि जुनी घड्याळं काही थोडी नाहीत. कपाटाकपाटांतून पडली आहेत, आजोबांची, सासऱ्यांची. लोकांना वाटतं ती मेली. बहुतेक वेळा आतलं तेल फक्त वाळलेलं असतं.

भाचा : म्हणजे तुमचं गिऱ्हाईक बाजारात नाही, कपाटात आहे.

मामा : आणि तुमच्या कंपनीचंही भविष्य तिथेच आहे. आज विकलेलं घड्याळ पन्नास वर्षांनी त्या कपाटातून बाहेर येईल, तेव्हा उघडणारा माणूस असला तर तो वारसा. नसला तर सोन्याच्या भावात केस वितळवतील.

बोलणं इथे थांबलं. भाच्याच्या बाजूला एक ठोस सत्य आहे: हौशी श्रीमंत नसते, तर यांत्रिक घड्याळाची विद्या १९८० च्या दशकातच बुडाली असती. मामांच्या बाजूला दुसरं: विकत घेण्याने विद्या एक पिढी तगते, दुरुस्तीने पिढ्यान्‌पिढ्या. या दोहोंत आपल्याकडे आज पहिल्याचीच जाहिरात जास्त होते. आयात शुल्क उतरेल, दुकानं वाढतील, अशी जेवणंही वाढतील. त्याच वेगाने दुरुस्तीचे हात वाढले नाहीत, तर आपण फक्त मोठी बाजारपेठ ठरू. कारागिरांचा देश म्हणून आपली गणना होणार नाही.

वाचकांना एवढंच सांगणं. घरात बंद पडलेलं एचएमटी, फाव्र-ल्यूबा किंवा वेस्ट एंड असेल, तर ते विकण्याआधी किंवा टाकून देण्याआधी जाणत्या घड्याळवाल्याकडे न्या. काम काय करणार आणि पैसे किती लागणार, ते आधी विचारा. डायल पुन्हा रंगवू देऊ नका, डाग असले तरी मूळचं डायलच ठेवा. बदललेले जुने भाग परत मागून घ्या. आणि घड्याळ सुरू झालं की रोज ठरावीक वेळी चावी द्या आणि हातात घाला. घड्याळ दोनशे रुपयांत घेतलेलं असो की साडेचाळीस लाखांत, न चालवता वर्षानुवर्षं ठेवलं की आतलं तेल दोन्हीकडे सारखंच वाळतं.